माझ्या कादंबरीतली राणी गरिबी हटवायला निघालीय, पण नवव्या प्रकरणात अडलीय

बेंबळाकाठ
नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी एक कादंबरी लिहितेय. काल्पनिक राज्य, काल्पनिक राणी, थोडी जादू. राज्य धवलखंड, राणी पळसा. जमीन मात्र आपलीच आहे, काळी, भेगाळणारी, कपाशीची. बाभूळगाव तालुक्यात राहते, दुसरी जमीन मला लिहिता येत नाही.

गोष्ट अशी. गादीवर बसताना पळसा शपथ घेते की राज्यात कुणी उपाशी झोपलं तर त्या दिवशी आपणही जेवायचं नाही. प्रधान म्हणतो, बाईसाहेब, अशानं राज्य आठवडाभरात पोरकं होईल. ती ऐकत नाही. तिच्याकडे दर पुनवेला आपोआप भरणारी एक तिजोरी आहे आणि लढाईला कंटाळलेलं सैन्य आहे. आठव्या प्रकरणात ती सगळ्या सावकारांच्या वह्या चावडीपुढे जाळते. नवव्यात गावोगाव दिवे लागतात.

आणि इथे घोडं अडलं. पुण्यातल्या मैत्रिणीनं वाचून सांगितलं, इथेच संपव, झकास शेवट आहे. आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या मावशींना गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "अन् मंग मिरगात बियान्याले पैसे कोन देते?"

तर प्रश्न हा: वह्या जाळल्यावर राणीनं काय करावं? गावातला वाचक हसणार नाही असं सांगा. 'शिक्षणाचा प्रसार' वगैरे नको, ते शाळेच्या निबंधात लिहून झालंय.

नागपुरी_संत्रं
राणीचं केवायसी झालंय का ते आधी बघा. नसेल तर पुनवेला तिजोरी भरायची नाही.

सुगरण_वर्धा
हसून हसून पुरेवाट, संत्रं!
बेंबळाकाठ, छान चाललंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

धुऱ्यावरचा
ताई, तुमच्या मावशीनं लाखातलं इचारलं.

२००८ ची कर्जमाफी पाहा. पाच एकराच्या आतल्याचं थकलेलं पीककर्ज सारं माफ. त्याच्या वरच्याले पंचवीस टक्के नाई तं वीस हजार, जे जास्त असन तेवढी सूट, अन् तेही बाकीचे भरले तं. आता ओलिताचं पाच एकर अन् कोरडवाहू पाच एकर एकच होते काय? आमचं वावर सात एकर, सारं वरच्या पान्यावर. दोन एकर उसवाला पुरा बसला, आमी अर्धवट लटकलो. अन् सावकाराचं कर्ज तं त्या माफीत नव्हतंच, ती फक्त बँका-सोसायट्याची होती.

राणीनं वह्या जाळल्या, बेस केलं. पन सावकार जळला नाई ना. तो मिरगात पुन्हा ओसरीवर बसते. या खेपेला वही ठेवत नाई, वावराची खरेदीच लिहून घेते. माह्या आज्याचं तीन एकर असंच गेलं. कर्ज म्हनून घेतलं, कागदावर विक्री निघाली.

जमाखर्च
तिजोरीबद्दल थोडं बोलतो, कारण लेखिका तिथेच फसणार आहे असं वाटतं.

तिजोरी दर पुनवेला भरते आणि राणी वाटते. चार पुनवा गेल्या की बाजारात नाणी चौपट आणि ज्वारी तेवढीच. ज्वारीचा भाव चढणार. म्हणजे वाटप झालं, गरिबी जागच्या जागी. जादू नाण्यांची असेल तर ती पिकाच्या नाहीतर कामाच्या बदल्यातच बाहेर पडली पाहिजे.

आपल्या राज्यात हे झालंय. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना: मागेल त्याला काम, आणि ते देणं सरकारवर बंधनकारक. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून लागू. पैसा कुठून आला? १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर, धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगारातून महिन्याला दोनशे रुपये कापले जातात ते त्याचेच. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

तुमच्या पळसाला प्रधान विचारेल, कर कुणावर? तिथे खरं नाट्य आहे. वह्या जाळायला मशाल पुरते. व्यापाऱ्यांच्या पेठेवर कर बसवायला छाती लागते.

खुरपं
सगळ्यांचं वाचलं. एक विचारते, या राज्यात गरीब म्हणजे कोण? आतापर्यंत सगळे जमीनवाल्याबद्दलच बोलले.

माझी आई वेचणीला जायची, मीही बारावीपर्यंत गेले. वेचणीचे पैसे किलोवर. संध्याकाळी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीला काटा टांगायचे. गाठोडं अडकवलं की मालक काटा थांबायच्या आधीच आकडा बोलायचा, वर फडक्याचं वजन म्हणून अर्धा किलो कमी. फडकं आईचं स्वतःचं, जुन्या लुगड्याचं, अर्धा पावसुद्धा भरलं नसतं. सकाळी दव असताना वेचलं तर कापूस वजनाला जड भरतो, म्हणून दव उडेपर्यंत वावरात शिरू द्यायचे नाहीत. दुपारचं ऊन चढलं की बोंडाची टोकं बोटात घुसायची, आणि कापूस हलका.

कर्जमाफी झाली तेव्हा आमच्या घरी काय माफ झालं? काही नाही. कर्ज मिळायला सातबारा लागतो. राणीनं वह्या जाळल्या तेव्हा आईचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं.

नागपुरी_संत्रं
@खुरपं, यावर विनोद सुचत नाही. पुढे चला.

इतिहासाचा_किडा
काल्पनिक राणीसाठी खऱ्या राण्या चाळा की. अहिल्याबाई १७६७ ते १७९५, महेश्वरला विणकर आणून वसवले. ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्याच भागातलं सांगतो.

चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांचा रिवाज होता: जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला गावाचा अधिकार, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. खजिन्यातून छदाम न घालवता तलाव उभे राहिले. बांधणारे मुख्यतः कोहळी लोक. नवेगावबांध त्यांचाच, कोलू पाटलाचं नाव आजही घेतात. याच घराण्यातली राणी हिराई. नवऱ्यामागे दत्तक मुलाच्या वतीनं तिनं कारभार पाहिला, चंद्रपुरात नवऱ्याची, बीरशहाची समाधी तिनंच बांधली. तुमच्या पळसाची आत्या शोभेल.

माझं मत: पळसानं सोनं वाटू नये, पाण्यावर हक्क वाटावा.

झाडीपट्टीकर
किडाभाऊंनी तलावांचं पुढचं सांगितलं नाही, ते मी सांगतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. लोक मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. मालगुजारी १९५० नंतर गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार काही संत नव्हता, वेठीनंच गाळ काढून घ्यायचा. पण निघायचा तरी. नंतर तलाव सरकारचे म्हणजे कुणाचेच नाहीत, असं झालं. आमच्या गावच्या तलावात आता उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात. ढिवरांची मासेमारी बसली, खालची धानाची बांधी कोरडी.

म्हणून मला राणीच नको वाटते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. २००९ ला त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ ला बांबू विकायचा अधिकार हातात आला. निर्णय सर्वसहमतीनं, एक माणूस नाही म्हणाला तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. वेळ लागतो. पण राणी मेली म्हणून गाव मरत नाही.

आणि कादंबरी नाही जमली तर वडशाच्या नाटक कंपन्यांना द्या. झाडीपट्टीवाले तीन अंक, दोन लावण्या घालून रात्रभर चालवतील.

अकोटचा_आगाऊ
माफ करा, पण हा कादंबरीचा धागा आहे की तलाठी कार्यालय? एका बाईनं अद्भुत कथा लिहायला घेतलीय आणि तुम्ही तिला सातबारा, व्यवसाय कर, गाळ शिकवताय. मला या पुस्तकात उडणारे घोडे पाहिजेत. वाचक दिवसभर हेच भोगतो, रात्री पुन्हा हेच कशाला वाचेल? ताई, सावकाराला साप बनवा आणि मोकळ्या व्हा.

बेंबळाकाठ
@आगाऊ, घोडे आहेत. उडत नाहीत, बोलतात. आणि सारखी वैरणीची तक्रार करतात.

साप बनवायचा मोह मलाही झाला होता. पण साप झाला की वाचकाला सगळं कळलं, मारला की संपलं. आमच्या गावचा उसनवार देणारा माणूस रात्री दोनला दवाखान्यासाठी पैसे देतो. तेव्हा दुसरं कुणी देत नाही. अशा माणसाला साप कसा लिहू?

@झाडीपट्टीकर, राणी नको म्हणता, मग माझ्या पुस्तकाचं नावच जाईल हो.

आगाऊ_मंडळ_बुलढाणा
अकोटच्या आगाऊंना अनुमोदन. (आमचं मंडळ वेगळं आहे, नातं नाही.)

सुगरण_वर्धा
मला राणीच्या जेवणाची काळजी लागलीय. रोज कुणी ना कुणी उपाशी असणारच, म्हणजे ही बाई पहिल्या पानापासून उपाशी? आणि ती शपथ मोडते तेव्हा काय खाते? ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी दाखवा. गरिबाघरी आमंत्रण आणि वर कच्च्या तेलाची धार.

मात्र कण्या आता गरिबाचं अन्न राहिलं नाही. ज्वारीच गेली. सगळीकडे कपाशी आणि सोयाबीन. घरात रेशनचा तांदूळ आणि गहू. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यापाठी गुरं गेली. २००६ ला विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज आलं, त्यात जोडधंदा म्हणून दुभती जनावरं होती. आमच्या शेजारी एक संकरित गाय आली. तिची ढेप आणि चारा विकत आणता आणता काकू रडकुंडीला आल्या, शेवटी पडेल भावात दिली. तिच्या नावचं कर्ज गाय गेल्यावरही चालू होतं. बोलणाऱ्या घोड्यांच्या शेजारी एक अशी गाय ठेवा की.

एक सुचवू? राणीनं सगळा कापूस स्वतःच चांगल्या भावानं विकत घ्यावा. दलाल गेला, प्रश्न संपला.

जुना_सभासद
सुगरणताई, हे झालेलं आहे. आम्ही ते जगलो.

१९७१ चा कायदा, १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा. सुरुवातीला लोकांना खरंच आधार वाटला. आधी हमीभावाचे पैसे, नंतर नफा झाला तर उरलेले, असे टप्प्यानं मिळायचे. आमच्या घरी लग्नाची तारीख चुकाऱ्यावरून ठरायची. केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, दोनदोन मुक्काम. बैलांना सोबत कडबा, माणसाला भाकर-ठेचा, रात्री बंडीखाली झोप. मग ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, यायचा, गंजीत हात घालून मूठभर रुई ओढायचा, धागा ताणायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर वर्ष. त्याला चहा कुणी पाजला हे मी सांगत बसत नाही.

बाहेर भाव चढला की इथला कापूस रात्री सीमेपलीकडे, बाहेर पडला की तिकडचा इकडे. योजना तोट्यात गेली आणि तीसेक वर्षांनी मोडली. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तेव्हा सांगत होते, "भीक नको, हवे घामाचे दाम". आम्ही टाळ्या वाजवल्या. बाजार मोकळा झाला तेव्हा लक्षात आलं की दाम कुणी उचलून देत नाही.

तुमच्या राणीला एकुलती खरेदीदार करू नका. एकुलता खरेदीदार राणी असला तरी ग्रेडर माणूसच असतो.

धुऱ्यावरचा
काका, रांग आजही हाये. बंडीच्या जागी पिकअप आली.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलले ८११० रुपये. कागदावर झकास. पन तो आठ टक्के ओलीले, म्हंजे कापसातल्या ओलाव्याले. बारापर्यंत भाव कापून घेतात, बाराच्या वर वापस. आता पयली वेचणी दसऱ्या-दिवाळीची. परतीचा पाऊस, दव. कापूस ओला नाई तं काय राहीन? वाळवून महिनाभर ठेवा म्हनते. महिनाभर ठेवाले माह्याजवळ काय हाये? दुकानदाराची उधारी उभी, पोरीची फी उभी, दिवाळी आली. मंग गावातल्या खेडा खरेदीवाल्याले देतो, तो हजार-पंधराशे कमी देते, पन नगदी देते.

ठेवला तं घरात ठेवा लागते. दोन खोल्याचं घर, एक खोली छताले टेकेपर्यंत कापूस. मार्चपर्यंत ठेवला की त्यातले किडे अंगाले खाजवतात. लेकराइच्या मानेवर पुरळ. माही बायको म्हने, एक तं कापूस घरात राहीन नाई तं मी.

सुगरण_वर्धा
कापसाची खाज! माहेरची आठवण झाली. आम्ही अंगणात झोपायचो, कापूस पलंगावर.

नागपुरी_संत्रं
वातावरण लय गंभीर झालं, म्हणून राणीच्या राज्यातल्या पोळ्यासाठी माझी ताजी झडती (पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात तसं गाणं):

चाक रे चाक, बंडीचं चाक,
राणीनं केली वह्याइची राख,
सावकार म्हने, मले कायचा धाक,
मिरगात मारशीन मलेच हाक!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

बेंबळाकाठ
संत्रं, ही चोरू का? पोळ्याचा प्रसंग नव्हताच पुस्तकात. राणी वेश पालटून तोरणाखाली उभी आहे आणि गावातला पोरगा तिच्याच तोंडावर हे म्हणतो. दहाव्याची सुरुवात हीच.

नागपुरी_संत्रं
घ्या की. मानधन पुनवेला.

जमाखर्च
@धुऱ्यावरचा यांचं वाचून तिजोरीचं काम सापडलं असं वाटतं. तिजोरी वाटण्यासाठी नाहीच. ती वाट पाहण्यासाठी आहे.

शेतकरी दिवाळीत विकतो कारण त्याला थांबता येत नाही, व्यापारी उन्हाळ्यात विकतो कारण त्याला येतं. मधला फरक तिथे जातो. राणीनं दगडी कोठारं बांधावीत. कापूस, तूर जे आणाल ते ठेवा, त्या दिवसाच्या भावाच्या पाऊण किमतीएवढे पैसे लगेच घ्या, माल तुमच्याच नावावर. भाव चढला की विका, उचल फेडा. नाणी परत तिजोरीत येतात, म्हणून भावही भडकत नाहीत. आपल्याकडे बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना याच तत्त्वावर आहे, पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. तूर, सोयाबीन चालतं. गावापासून गोदाम लांब, म्हणून छोटा माणूस तिथवर पोचत नाही.

आणि अद्भुत पाहिजे असेल तर @आगाऊ, कापसाच्या कोठाराला एक ठिणगी पुरते. सावकाराला साप न बनवताही अकरावं प्रकरण तयार.

अकोटचा_आगाऊ
आग चालेल. आगीतून बोलणारा घोडा बाहेर आला तर मी विकत घेईन पुस्तक.

खुरपं
कोठारं चांगली. पण ज्याच्याकडे ठेवायला कापूसच नाही त्याचं? आमची आई त्या कोठारात काय ठेवणार, खुरपं?

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत लोकांनी आपणहून बायकोच्या नावावर थोडी जमीन केली होती, ते मला फार मोठं वाटतं. पण बायको जमीनवाल्याची होती.

आणि एक छोटं काम पळसाला आजच करता येईल. काटा. वेचणीचा काटा मालकाच्या हातात नको. राणीचे शिपाई लढाईला कंटाळलेत ना, त्यांना एकेक काटा देऊन धुऱ्याधुऱ्यावर पाठवा. काटा थांबेपर्यंत कुणी आकडा बोलायचा नाही, फडकं आधी वेगळं तोलायचं.

जुना_सभासद
@खुरपं, शिपाईही माणूसच असतो. दोन हंगामांत मालक त्याला चहा पाजेल.

खुरपं
मग काटा वेचणाऱ्या बायांनीच धरायचा. आळीपाळीनं.

झाडीपट्टीकर
+१. हेच तर मी म्हणत होतो, राणी नको.

बेंबळाकाठ
राणी राहील. पण खुरपंताई, तुमचा काटा दहाव्यात येतोय. शिपाई काटे घेऊन निघतात, गावोगाव मालक त्यांना जेवायला घालतात, आणि पळसाला ते पोळ्याच्या झडतीतून कळतं. मग बाया काटा मागायला राजवाड्यावर येतात. कोठारं अकराव्यात, आग तिथेच. पेठेवरचा कर प्रधानाला आवडत नाही, तो राजीनामा देतो. तलाव दुसऱ्या भागात, किडाभाऊ रागावू नका.

कोठारात ठेवायला काही नसणाऱ्यांचं उत्तर माझ्याकडे नाही, पळसाकडेही नाही. म्हणून ती अजून उपाशीच आहे. सुगरणताईंच्या कण्या तिला पहिला भाग संपेपर्यंत मिळणार नाहीत.

धुऱ्यावरचा
ताई, एक राह्यलं. पोळा श्रावणाच्या अवसेले. तवा कापूस नसते, बोंडं हिरवी असते. शिपाई काटे घेऊन पोळ्याच्या आंधीच निघाले तं तोलतीन काय?

बेंबळाकाठ
धवलखंडात दोन सूर्य आहेत भाऊ. कपाशी लवकर फुटते.

धुऱ्यावरचा
दोन सूर्य असन तं ओलीचा प्रश्नच मिटला. पन कोठारात पयलं गाठोडं टाकाच्या आंधी राणीले वावरात सीतादही कराले लावा. दहीभात ठेवल्याबिगर आमच्याकडं वेचनी सुरू होत नाई, राणी असो का कोनी.

सुगरण_वर्धा
म्हणजे दहीभात तरी खाईल बिचारी!

खुरपं
तो वावराला ठेवतात ताई, राणीला नाही.